पडलेल्याजवळ जायचं नाही

“एक,” निलोफर म्हणाली, आणि कठड्याला टेकून उभ्या असलेल्या आमच्या सगळ्या मुलांनी तिच्या आवाजात आवाज मिसळला. “दोन. तीन.”

पद्मजा हेरवाडे मोझॅकच्या फरशीवर उताणी पडली होती. दीड फेरीची उडी तिनं घेतली होती. हवेत चांगली फिरली, पण उतरताना उजव्या पायाची चाकं पुढे निसटली आणि ती मागे गेली. आधी कंबर टेकली, मग डोकं. डोक्याचा आवाज मोठा नव्हता. पाटावर कुणी नारळ ठेवावा तेवढाच. तिचं संगीत चालूच होतं.

“चार.”

परीक्षकांच्या टेबलामागून एक बाई अर्धवट उठल्या. मी त्यांना हातानंच खूण केली, बसा म्हणून. त्यांना वाटलं असावं, प्रशिक्षकाला कळतं. त्या बसल्या.

“पाच. सहा.”

सहाला पद्मजा उभी राहिली. मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि दुसऱ्या गावांहून आलेल्या पालकांनीही वाजवल्या.

ही आकडे मोजायची रीत माझीच. मी इचलकरंजीच्या नगरपालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवायचो आणि सकाळी साडेपाच ते आठ शाळेमागच्या मैदानावर मुलांना स्केटिंग शिकवायचो. शर्यतीचं नव्हे, चार चाकांच्या बुटांवर उभं राहून उड्या, गिरक्या, फरशीवर आखलेल्या वर्तुळावरून रेघ न सोडता जाणं, हे सगळं. संगीतावर. या प्रकारात डोक्यावर संरक्षक टोप नसतो. सुरुवातीची दोन वर्षं आमची मुलं पडली की पडल्या जागी आईला शोधत रडायची, आणि आई धावत आली की जास्तच रडायची. मग मी नियम केला. पडलेल्याजवळ जायचं नाही. आईनं नाही, बापानं नाही, मीसुद्धा नाही. सगळ्यांनी मिळून आठपर्यंत मोजायचं आणि पडलेल्यानं आठाच्या आत उठायचं, हात झटकायचे आणि जिथं थांबलो तिथून पुढं जायचं. मुलांना तो खेळ वाटला. सहा महिन्यांत रडणं बंद झालं. कुणी चौथ्या आकड्याला उठलं की घरी जाऊन सांगायचं, आज मी चारला उठलो. सांगलीच्या आणि कराडच्या प्रशिक्षकांनी माझ्याकडून तो नियम उचलला तेव्हा मला बरं वाटलं होतं.

साताऱ्यातल्या एका शाळेच्या सभागृहात त्या दिवशी विभागाची निवड होती. नवोदित गट, अकरा वर्षांखालच्या मुली. दोन दिवसांचे गुण एकत्र करून पहिल्या दोघी राज्याच्या संघात जाणार होत्या. आमच्या गावातून तोवर कुणी गेलं नव्हतं. पद्मजा जाईल हे मला वर्षभर दिसत होतं. दहा वर्षांची, काटक, बोलायला कमी. दीड फेरीची उडी त्या वयात विभागात आणखी कुणाला जमत नव्हती.

ती उठली, हात झटकले, आणि निघाली.

“सर,” निलोफर म्हणाली, “ती उलटी निघाली.”

आमच्याकडे पहिल्या दिवसापासून मुलं डावा हात मैदानाच्या मध्याकडे ठेवून फिरतात. झोपेत उठवून बूट चढवले तरी मूल डावीकडूनच निघेल, इतकं ते अंगात भिनतं. पद्मजा उजवीकडून निघाली होती. एक-दोन पोरं फिदीफिदी हसली. संगीत पुढं जात होतं.

“पद्मा,” मी ओरडलो. “डावी.”

ती थांबली. आवाज आला तिकडे तिनं पाहिलं, पण माझ्याकडे नाही. माझ्या शेजारी एक खांब होता, त्या खांबाकडे पाहिलं. मग वळली, डावीकडून निघाली, आणि उरलेला सगळा कार्यक्रम चूक न करता पुरा केला. शेवटची गिरकी तर सरावातही तशी झाली नव्हती.

“सर, तिला काय झालं ओ?” निलोफरनं विचारलं.

“घाबरली. गप बस आता, तुझा नंबर येईल.”

निलोफर मुजावर पद्मजाहून चार महिन्यांनी लहान. तिच्या उड्या कमी, पण वर्तुळं अशी काढायची की कंपासनं काढावीत. दोघी एका बाकावर बसायच्या, एका डब्यात जेवायच्या, आणि सकाळी मैदानावर एकमेकींशी बोलायच्या नाहीत. आधी कोण बोलतं यावर त्यांची पैज असायची.

बाराला पहिल्या दिवसाचे गुण लागले. पडूनही पद्मजा दुसरी होती. निलोफर चौथी.

“बघा की अण्णा,” मी पद्मजाच्या वडिलांना म्हणालो. “पडून दुसरी. उद्या उभी राहिली तर पहिली.”

बाहुबली हेरवाडे यंत्रमागावर जॉबर होते. बिघडलेले माग दुरुस्त करणारा माणूस. हात कायम तेलात. रजा काढून मुलीबरोबर आले होते. ते हसले नाहीत. म्हणाले, “डोस्कं दुखतंय म्हणती ओ. आणि आत्ता उलटी झाली.”

“काही खाल्लंय का सकाळपासून?”

“दूध घेतलंय नुसतं.”

“मग होणारच. चला, डॉक्टरांना दाखवून घेऊ.”

प्रवेशद्वाराजवळ एका टेबलावर संयोजकांनी डॉक्टर बसवल्या होत्या. तरुण बाई होत्या, नीट तपासणाऱ्या. त्यांनी पद्मजाच्या डोळ्यांत बॅटरी मारली, डोक्याला मागून हात लावला, तिला बोट दाखवून ते फिरवलं. पद्मजा बघत होती, पण जरा उशिरा.

“नाव काय बाळ?”

“पद्मजा बाहुबली हेरवाडे.”

“कुठं आलीस?”

पद्मजानं वडिलांकडे पाहिलं. “स्पर्धेला,” ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी अण्णांना विचारलं, “पडली तेव्हा तुम्ही पाहिलंत?”

“मी भायेर होतो. मला बघवत न्हाई ते.”

मग त्या माझ्याकडे वळल्या. “सर, तुम्ही सांगा. पडल्यावर शुद्ध गेली होती?”

“नाही. सहा आकड्यांत उठली.”

“उठल्यावर गोंधळली होती का? कुठं आहोत, काय करायचं, हे विसरल्यासारखं? चालताना तोल, दिशा, काही चुकलं?”

त्यांच्यासमोर छापील कागद होता. त्याच्यावर काय लिहिलेलं असतं हे मला ठाऊक होतं. डोक्याला मार आणि गोंधळ, असं एकदा लिहिलं की त्या मुलाला उरलेल्या स्पर्धेत उतरता येत नाही. उद्याचा दिवस गेला, म्हणजे निवड गेली. पुढच्या वर्षी ती अकरा पूर्ण करणार, म्हणजे गट बदलणार, मोठ्या मुलींत जाणार. हे सगळं मनात यायला किती वेळ लागतो.

“नाही,” मी म्हणालो. “पुढचा सगळा कार्यक्रम तिनं पुरा केला. दुसरी आलीय.”

बाईंनी पेन उचललं, पुन्हा ठेवलं. माझ्या शेजारी निलोफर पद्मजाची पाण्याची बाटली धरून उभी होती. बाई तिला म्हणाल्या, “तू होतीस ना तिथं? मैत्रीण ना तिची? तुला काय दिसलं?”

निलोफरनं माझ्याकडे पाहिलं. मीही तिच्याकडे पाहिलं.

“नीट उठली ती,” निलोफर म्हणाली.

“नक्की?”

“होय. नीट उठली.”

“बरं,” बाई म्हणाल्या. “उन्हाचं आणि उपाशीपोटीचंही असू शकतं. गोंधळली असती तर मी आत्ताच डोक्याचा स्कॅन करायला पाठवलं असतं. काही खायला द्या, पडू द्या. पुन्हा उलटी झाली किंवा झोपेतून नीट जागी होईना, तर एक मिनिट थांबू नका.”

कागदावर त्यांनी लिहिलं, ठीक. खाली सही केली.

आमची उतरायची सोय त्याच शाळेच्या एका वर्गात होती. बाक भिंतीला सरकवून गाद्या घातल्या होत्या. पद्मजानं अर्धी चपाती खाल्ली. उजेड डोळ्यांना लागतो म्हणाली, म्हणून मी स्वतः खिडकीला चादर अडकवली. ती कुशीवर वळली आणि झोपली. अण्णा तिच्या पायांशी बसून राहिले.

“झोपू दे,” मी म्हणालो. “उठली की ताजी होईल. तुम्हीही पडा जरा.”

“घोरतीय बघा,” अण्णा म्हणाले. “कधी घोरत न्हाई.”

“दमलीय.”

मी बाकीच्या मुलांना घेऊन सरावाला गेलो. दोन तास मी निलोफरकडून एकच वर्तुळ काढून घेत होतो. तिची रेघ सारखी सुटत होती. एरवी सुटायची नाही. मी तिला रागावलो नाही, मुलांना मी कधी रागावत नसे; पुन्हा काढ म्हणालो, पुन्हा काढ, घाई नाही आपल्याला.

चार वाजता मी तिला म्हणालो, जा, पद्माला उठव, सरावाला यायचंय म्हणावं.

ती गेली आणि लगेच परत आली. बूट काढायला वेळ लागेल म्हणून ती चाकांवरच व्हरांड्यातून आली होती, आणि दारात थांबायचं विसरून माझ्यावर आदळली.

“उठत न्हाई ती,” ती म्हणाली. “काका हलवायला लागलेत. उठत न्हाई.”

शाळेच्या जीपमधून आम्ही तिला नेलं. अण्णांच्या मांडीवर तिचं डोकं होतं, पाय माझ्याकडे. पायांत पांढरे मोजे तसेच होते. दवाखान्यात आत घेतल्यावर पाऊण तासानं एक वयस्कर डॉक्टर बाहेर आले. डोक्यात रक्तस्राव झाला होता, सकाळपासून हळूहळू साठत होता. त्यांनी विचारलं, लगेच का नाही आणलं? अण्णा म्हणाले, दाखवलं होतं की, त्यांनी ठीक म्हणून लिहून दिलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहत होतो.

साडेसहाच्या सुमारास ती गेली. अजून उजेड होता. अण्णा जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे. कुणीतरी त्यांच्या हातात डबा दिला होता. तो न उघडता तसाच धरून ते बसले होते.

दुसऱ्या दिवशी स्पर्धा झाली की नाही, कोण निवडलं गेलं, मला माहीत नाही. आम्ही पहाटेच निघून आलो होतो.

नंतर मी मैदान बंद ठेवलं. साताऱ्याच्या त्या डॉक्टरीणबाईंबद्दल गावात बोललं जाऊ लागलं. पालक म्हणायचे, कसले हे डॉक्टर, बघितल्यासारखं करायचं आणि ठीक म्हणून लिहायचं. कुणीतरी तक्रार करायची म्हणत होतं. मला विचारायचे, सर, तुम्ही होता ना समोर? मी म्हणायचो, होतो.

बाराव्या-तेराव्या दिवशी सकाळी मैदानाचं कुलूप काढून मी आत गेलो. झाडलोट तरी करावी म्हणून. निलोफर फाटकाबाहेर बसली होती. बूट आणले नव्हते.

“शाळा नाही का गं?”

“हाय. सर, एक विचारू?”

“विचार.”

“मी डॉक्टरांना बोललो असतो तर ती जगली असती का?”

आमच्याकडच्या मुली मी आलो, मी गेलो असंच बोलतात. त्या दिवशी ती मला आणखीच लहान वाटली.

“तुझी काही चूक नाही त्यात,” मी म्हणालो. “माझी चूक आहे. त्यांनी मला आधी विचारलं होतं.”

“पण मला नंतर विचारलं. तुमचं सांगून झालं होतं, तरी मला वेगळं विचारलं. दोनदा विचारलं.”

“तू लहान आहेस.”

“मी बघितलो होतो. उलटी निघालेली. मीच तर सांगितलो तुम्हाला.”

“हो.”

“मला वाटलं, मी बोललो तर सगळे म्हणतील, ही जळती. ती स्पर्धेतनं बाद झाली असती तर मी तिसरी आलो असतो.” तिनं नाक पुसलं. “आणि तुम्ही बघितला.”

“मी तुला काही बोललो नव्हतो निलोफर.”

“नुसतं बघितला,” ती म्हणाली.

मी तिच्या शेजारी फाटकाच्या कट्ट्यावर बसलो. तीस वर्षं मी मुलांना शिकवत होतो. मूल अडलं की त्याच्या जवळ बसायचं, घाई करायची नाही, त्याला उत्तर सापडेपर्यंत थांबायचं, ही माझी पद्धत होती. तिथं मी बसून होतो आणि तीच थांबली होती.

“काकांना कोण सांगणार?” तिनं विचारलं.

“मी सांगतो.”

“कधी?”

“आजच.”

“मी येतो.”

“नाही. तू शाळेत जा. हे माझं काम आहे.”

ती उठली आणि शाळेच्या दिशेनं गेली. वळणापर्यंत मी तिच्याकडे पाहत होतो.

अण्णा कामावर जाऊ लागले होते. मी शेडवर गेलो. चोवीस माग एकदम चालत असले की माणसाला स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही. तिथली माणसं ओठांकडे बघून बोलणं ओळखतात. अण्णा एका बंद मागाखाली वाकून काहीतरी आवळत होते. मला पाहून उठले, चिंधीला हात पुसले.

“अण्णा, पद्मजा पडल्यावर गोंधळली होती,” मी म्हणालो.

त्यांनी कानाला हात लावला.

“ती उलट्या बाजूनं निघाली होती. मला दिसलं होतं. मी डॉक्टरांना नाही म्हणालो.”

मला मोठ्यानं ओरडावं लागत होतं. पलीकडच्या मागावरचा कामगार वळून पाहू लागला. अण्णांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. त्यांना पुरतं कळलं होतं की नाही कोण जाणे, पण ते भिंतीजवळ गेले आणि त्यांनी मोठा खटका खाली ओढला. माग एकामागून एक थांबले. कामगार काही विचारणार तेवढ्यात अण्णांनी त्याला बाहेर जायची खूण केली, आणि बाकीचेही बाहेर गेले.

“आता म्हणा,” अण्णा म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं. शांततेत ते सांगणं फार अवघड होतं. उलटी निघाली ते, मी ओरडलो ते, तिनं खांबाकडे पाहिलं ते. छापील कागदाचं सांगितलं. त्या बाईंचा दोष नाही हेही सांगितलं.

अण्णा सूत गुंडाळायच्या एका रिकाम्या बिमावर बसले. हातातल्या चिंधीच्या घड्या घालत, उलगडत राहिले.

“तुम्ही डावी म्हणालासा, आणि ती डावीकडून गेली?”

“हो.”

“डोस्कं फुटलेलं असताना.”

मी पुन्हा हो म्हणालो.

“आमचं कधी ऐकलं न्हाई पोरीनं,” ते म्हणाले. “जेव म्हटलं तर जेवायची न्हाई. आई हाक मारून दमायची. तुमचं ऐकायची.”

मग त्यांनी वर पाहिलं.

“हे अजून कुणाला दिसलं होतं?”

मी लगेच म्हणालो, “नाही. मला एकट्यालाच.”

“मी पण बघितलो.”

निलोफर दारात उभी होती. शाळेचं दप्तर पाठीवर होतं. ती शाळेत गेलीच नव्हती, माझ्या मागोमाग आली होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक.

“काका, मी पण बघितलो,” ती म्हणाली. “मला डॉक्टरांनी विचारलं, आणि मी खोटं बोललो. सर आत्ता पण खोटं बोलले.”

“निलोफर,” मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती अण्णांकडेच पाहत होती, पण रडत नव्हती. पडल्यावर रडायचं नाही हे तिला मीच शिकवलं होतं.

अण्णा उठले. मला वाटलं, ते तिच्यावर ओरडतील. मी मध्ये उभा राहायला पुढं झालो. त्यांनी मला हातानं बाजूला केलं, जोरात नाही, वाटेतली एखादी खुर्ची सरकवावी तसं. दारापर्यंत गेले, तिच्या पाठीवरचं दप्तर उतरवून घेतलं आणि तिला बिमावर आणून बसवलं. मग तिच्यासमोर जमिनीवर उकिडवे बसले.

“सांग,” ते तिला म्हणाले. “पहिल्यापासून सांग. ती काय घालून होती, कशी उडाली, सगळं. मी भायेर होतो. मला कुणी सांगितलं न्हाई.”

निलोफरनं तोंड उघडलं आणि ती रडायला लागली. मोठ्यानं, लहान मुलं रडतात तशी. अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तेलाचा हात होता, केसांना तेल लागलं.

मी तिथंच उभा होतो. थोड्या वेळानं अण्णांनी मान वळवली.

“तुम्ही जावा सर आता,” ते म्हणाले.

मी बाहेर आलो. कामगार बोळात विड्या ओढत उभे होते, त्यांनी मला वाट दिली. मी मुख्य रस्त्याला लागलो, नगरपालिकेच्या चौकापर्यंत गेलो. आजूबाजूच्या सगळ्या शेडमधून मागांचा आवाज येत होता. त्या एका शेडचे माग दुपारपर्यंत सुरू झाले नाहीत, असं नंतर कुणीतरी सांगितलं.